‘वाघाची घाण गोळा करायला शिकवलं का तुला?’

पत्र थोडक्यात : किनवट तालुक्यातल्या एका गावची २१ वर्षांची मुलगी. नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन; आई आशा कार्यकर्ती. पैनगंगेच्या अंगाने वाघ येतो-जातो हे लहानपणापासून ऐकत आलेली. मागच्या वर्षी शेजाऱ्यांचं वासरू गेलं आणि बांधावरचा पंजा तिने स्वतः पाहिला. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय; आता तिला वाघ-बिबट्या आणि एकूणच मार्जारकुळाच्या जनुकशास्त्रात, त्यांच्या संवर्धनासाठी काम करायचंय. मामा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर एमपीएससीला बस, ‘वाघाची घाण गोळा करायला शिकवलं का तुला?’ ती विचारते : यात पोट भरतं का? मराठी माध्यमाच्या खेड्यातल्या मुलीला हे जमेल का? स्वप्नामागे जाऊ, की घरच्यांचं ऐकू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मामांचा राग आला. दुसऱ्या वेळी वाटलं, या माणसाने नकळत कामाचं नेमकं वर्णन केलंय. वाघाची घाण गोळा करण्यापासूनच हे काम सुरू होतं, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षं अशा प्रकल्पावर होती. एकदा सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिच्या पिशवीत बोटाएवढी प्लास्टिकची बाटली होती, तळाला निळे खडे. सिलिका जेल. ओल शोषली की निळ्याचे गुलाबी होतात. जंगलातल्या गाडीवाटेवर, बऱ्याचदा अगदी मधोमध, विष्ठा पडलेली असते. हातमोजे घालायचे आणि वरचा पापुद्रा तेवढा खरवडायचा, कारण जनावराच्या आतड्यातल्या पेशी बाहेरच्या थराला चिकटून येतात. आत असतात चितळाचे केस आणि हाडांचे तुकडे. खरवडलेलं बाटलीत, बाटलीवर नंबर, जागेचे अक्षांश-रेखांश वहीत. ऊन लागेल तसा डीएनए तुटत जातो आणि एक चांगली सर आली की बहुतेक खेळ खल्लास. नुसत्या आकारावरून वाघाची की बिबट्याची हे खात्रीने सांगता येत नाही. दिवसभर उन्हात तंगडतोड करून आणलेली बाटली शेवटी गावच्या कुत्र्याची निघाली, असंही तिच्या बाबतीत झालं होतं.

पुढचं सगळं बंद खोलीत. कोविडात तुझ्या आईने ‘आरटीपीसीआर’ हा शब्द शंभरदा ऐकला असेल. त्यातलं पीसीआर ते हेच. डीएनएचा इवलासा तुकडा घेऊन त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. विष्ठेतला डीएनए इतका कमी आणि इतका तुटका असतो की तुझ्या बोटावरचा किंवा शेजारच्या टेबलावरचा कणही निकाल बिघडवतो. म्हणून दरवेळी एका नळीत मुद्दाम नुसतं पाणी ठेवतात. तिच्यात काहीही उमटायला नको. उमटलं, तर सगळी खेप संशयात. एका रात्री तिचा मला फोन आला : ‘मॅडम, पाण्यात वाघ आला.’ मी हसले. ती रडत होती. तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं, आणि ते पुन्हा करायचं होतं, त्याच क्रमाने, तेच थेंब मोजत.

एवढ्या वर्षांत तिला प्रत्यक्ष वाघ दिसला दोनदा. त्यातही एकदा नुसती शेपटी.

तुझ्या पत्रातल्या एका गृहीताला मला इथे हात घालायचाय. तू लिहिलंस, ‘मला वाघांमध्ये काम करायचंय.’ जनुकशास्त्रज्ञ वाघांमध्ये नसतो गं. तो बाटल्यांमध्ये असतो आणि त्याहून जास्त काळ संगणकासमोर. ज्यांना रान हवंय, माग काढायचाय, गावकऱ्यांशी बोलायचंय, त्यांच्यासाठी वन्यजीव शास्त्राच्या दुसऱ्या वाटा आहेत, वनखातं आहे. तेव्हा तू प्रेमात कशाच्या पडलीस ते आधी तपास. बांधावरचा पंजा पाहून पहिला विचार काय आला? ‘केवढा मोठा!’ की ‘हा आला कुठून?’ दुसरा असेल तर पुढे वाच. पहिला असेल तरी वाच, पण वनरक्षक-वनक्षेत्रपालाच्या परीक्षांची माहितीही काढून ठेव.

आपल्याकडे गावात अनोळखी पोर दिसलं की पारावरचा म्हातारा विचारतो, ‘कुणाचं रे तू? कंच्या गावचं?’ हे शास्त्र वाघाला तेच विचारतं. कोणता वाघ हे कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरूनही कळतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. पण तो कुणाचा, त्याच्या बापाची वस्ती कुठली, या जंगलातले वाघ त्या जंगलातल्यांशी अजून सोयरीक ठेवून आहेत की मधल्या रस्त्याने आणि धरणाने ती तुटली, हे पट्टे सांगत नाहीत.

आणि हा प्रश्न तुझ्या दारातलाच आहे. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य आहे जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाढलेल्या तरण्या नरांना जागा पुरत नाही, ते बाहेर पडतात. २०१९ मध्ये निघालेला एक, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी चाल मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर. दुसरा २०२१ मध्ये कन्नडजवळच्या गौताळ्यात दिसला, जिथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. तिसरा २०२४ च्या डिसेंबरात थेट धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाटात. तिघेही नर, तिघेही एकटे, आणि जिथे गेले तिथे मादी नाही. म्हणजे वाघ मराठवाडा ओलांडू शकतो हे सिद्ध झालं, पण संसार कुठे थाटणार?

न थाटता आलं तर काय होतं, ते ओडिशात सिमलीपालला दिसतं. तिथे काळपट, पट्टे एकमेकांत मिसळलेले वाघ आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की यामागे एकाच जनुकातला एक बदल आहे. तो दोन्हीकडून, आईकडून आणि बापाकडूनही, आला तरच रंग असा होतो. एकमेकांपासून लांबच्या वाघांत असं क्वचित घडतं. सिमलीपालचे वाघ बाहेरून तुटलेले, थोडके, सगळी भावकीच. म्हणून तिथे ते वारंवार घडतं. काळा रंग दिसायला झोकदार आहे, पर्यटकही खूश. पण त्याच वाटेने न दिसणारे दोषही जमत जातात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमांचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांचं, तसंच झालं होतं : शेपट्यांना गाठी, हृदयात दोष, नरांमध्ये वांझपण. १९९५ मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या तेव्हा वंश सावरला. जनुकशास्त्राने वाघ वाचतो का, असं तू एका ओळीत विचारलंयस. एकट्या त्याने नाही. पण सोयरीक कुठे जोडायची हे त्याच्याशिवाय अंदाजानेच ठरवावं लागतं.

आता पोटाचं. इथे मी गोड बोलणार नाही.

फक्त मोठ्या मांजरांच्या जनुकांवर काम करायची कायमची नोकरी अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात वाघच ४४४ निघाले. त्यांच्यासाठी किती शास्त्रज्ञ नेमतील? बाकी सगळं प्रकल्पावर चालतं, दोन-तीन वर्षांचं. प्रकल्प संपला की नवा शोधा. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच-सहा. म्हणजे तिशीपर्यंत तू शिकतच असशील. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह, काढलीस तर २०२३ पासून महिना ३७ हजार विद्यावेतन आहे, वर घरभाडं. त्यात मुलगी स्वतःचं भागवून घरी चार पैसे पाठवू शकते. जेआरएफ न मिळता निघालीस तर ओढाताण होते. ती मी पाहिली आहे.

पण मामांना आणि तुलाही एक गोष्ट दिसलेली नाही. वाघ हा या कामातला प्रश्न आहे. हातातलं कसब वेगळं आहे, आणि पगार कसबाला मिळतो. डीएनए काढणं, पीसीआर, अनुक्रम वाचणं आणि सगळ्यात जास्त म्हणजे संख्याशास्त्र आणि संगणक. हे ज्याला येतं तो वाघ सोडूनही उपाशी राहत नाही. तुझे वडील सरकीचं पाकीट आणतात ना, ते संकरित बियाणं खरंच शुद्ध आहे का हे डीएनएच्या खुणा पाहूनही तपासता येतं. जालना तर बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली तेव्हापासून. तपासणीची तत्त्वं तीच, फक्त विष्ठेऐवजी पान. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा, दवाखान्यांच्या निदान प्रयोगशाळा, औषध कंपन्या, सगळीकडे हीच यंत्रं. आणि न्यायवैद्यक म्हणजे फक्त माणसांचे खून नव्हेत. २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : पिंजऱ्यात सापडेल तो तोच असेल का? जखमेवरच्या लाळेतून डीएनए मिळतो आणि त्याचं उत्तर देता येतं. चुकीचा बिबट्या धरला तर खरा मोकळा राहतो. गावासाठी हा जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून ‘स्वप्न की प्रॅक्टिकल’ ही वाटणीच मला पटत नाही. आणि बी.एड. म्हणजे प्रॅक्टिकल हे तरी कुणी ठरवलं? माझीच एक चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एक हुशार मुलगी असाच प्रश्न घेऊन आली होती, तिला बेडकांवर काम करायचं होतं. मी, शहाणी, म्हणाले : आधी बी.एड. करून घे, हाताशी असलेलं बरं. तिने केलं. मग एका विनाअनुदानित शाळेत दहा वर्षं तुटपुंज्या मानधनावर ‘उद्या अनुदान येईल’ म्हणत काढली. सीनियर कॉलेजची जागा निघाली तर संस्थेने मागितलेला आकडा ऐकून तिचे वडील घरी परत आले. आता टीईटी, टीएआयटी, पवित्र पोर्टल; भरतीची वाट पाहण्यात पोरांची वर्षं जातात. एमपीएससीचं तुला सांगायला नको, नांदेडच्या अभ्यासिकांत बसलेल्या भावंडांना विचार. त्या मुलीला मी सुरक्षित वाट दाखवली असं मला वाटलं होतं. खरं तर मला ओळखीची होती तीच वाट मी दाखवली. मामाही बहुधा तेच करतायत, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस.

मराठी माध्यमाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. शोधनिबंध इंग्रजीतच असतात, त्याला इलाज नाही. आठवड्याला एक घे, त्याचा सारांश वाच, आणि त्यात काय विचारलं, काय केलं, काय निघालं हे मराठीत पाच ओळींत वहीत लिही. सहा महिन्यांत पंचवीस निबंध होतील. मुलाखतीत उच्चार कुणी मोजत नाही. ‘तुझा नमुना वाघाचाच आहे हे कशावरून?’ असं विचारतात, आणि त्याला पाण्याची नळी माहीत असलेली मुलगी उत्तर देऊ शकते.

या वर्षी काय करायचं ते सांगते. तुझ्यासारखी पत्रं हिंगोली-परभणीहूनही येतात, त्यांनीही वाचावं. आधी कामाची चव घे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट सेंटर फॉर डीएनए बारकोडिंग अँड बायोडायव्हर्सिटी स्टडीज आहे. डीएनएवरून प्रजाती ओळखायचं काम तिथे चालतं, आणि ते आपल्या मराठवाड्यात आहे हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. छोट्या प्रकल्पासाठी किंवा प्रशिक्षणासाठी विचारणा कर. पत्र तू स्वतः लिही, कॉलेजच्या शिफारशीची वाट पाहत बसू नकोस. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, विद्यावेतनासह. अर्ज हिवाळ्यातच सुटतात, जाहिरातीवर लक्ष ठेव. त्या दोन महिन्यांत पिपेट धरून तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, तर उत्तर मिळालं. तो अपमान नाही, आणि वर्षंही वाचतात.

एम.एस्सी.ला दोन दरवाजे. एक थेट वन्यजीवांचा : डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसमधला वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन हा अभ्यासक्रम. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण, आणि दरवर्षी प्रवेश असतीलच असं धरून चालू नकोस. दुसरा दरवाजा जैवतंत्रज्ञान किंवा जनुकशास्त्राचा : जॅम, गॅट-बी, सीयूईटी या प्रवेश परीक्षांतून. घरची स्थिती पाहता मी तुझ्या जागी असते तर दुसऱ्यातून शिरले असते. मार्जारकुळाकडे पीएच.डी.ला वळता येतं आणि न वळलीस तरी हात रिकामे राहत नाहीत. पीएच.डी.साठी हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा डोक्यात ठेव. लालजी सिंग यांनी दुर्मिळ प्राण्यांच्या संवर्धनासाठीच ती उभी केली, आणि तुझ्या गावाहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, पण बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय यांपैकी जी संस्था तुला लागू असेल तिच्या अधिछात्रवृत्तीची माहिती आत्ताच काढ. कागदपत्रं गोळा करण्यातच निम्मा जीव जातो.

फुकटात करण्यासारखं एक : आर नावाची संगणकभाषा. ती आणि संख्याशास्त्र एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांत, शिकता येतं, जुना लॅपटॉपही चालतो. वाघांच्या डीएनएची माहिती जगासाठी खुली ठेवलेली आहे. किनवटला बसून तीच माहिती घेऊन सराव करता येतो. ज्यांचं गणित कच्चं राहतं ते या क्षेत्रात दुसऱ्यांचे नमुने काढून देत राहतात.

आणि दोन गोष्टी करू नकोस. ‘वाघांसोबत इंटर्नशिप’ म्हणून उलटे तुझ्याकडूनच हजारो रुपये मागणाऱ्यांकडे जाऊ नकोस. आणि उत्साहाच्या भरात अभयारण्यातून बाटलीभर विष्ठा घेऊन येऊ नकोस. वनखात्याच्या परवानगीशिवाय ते चालत नाही, आणि पहिल्याच पावलाला गुन्हा नोंद झाला तर मामांना आयतंच मिळेल.

वाघावरच अडू नकोस, हे मात्र आवर्जून सांगते. वाघाटी ऐकली आहेस का? जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली दीडेक किलोची. उसाच्या फडात तिची पिल्लं सापडली की लोक बिबट्याची समजून पळतात. वाघामागे पैसा आहे, म्हणून गर्दीही आहे. वाघाटी आणि बाउल या दुसऱ्या रानमांजराला ‘कुणाचं रे तू’ असं विचारणारे फार थोडे. तुझ्या ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही असेल, बहुधा कपाटात धूळ खात. ती काढायला लाव. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून कुठलं मांजर कुठे दिसलं ते लिहून काढ. त्याला ना परवानगी लागते ना पैसा, आणि अर्जात ही ओळ शंभर प्रमाणपत्रांवर भारी पडते.

घरी कसं सांगायचं? भर पंगतीत मामांशी वाद घालू नकोस, तिथे कुणीच मागे हटत नाही. आईला एकटीला गाठ. ती आशा कार्यकर्ती आहे, नमुना म्हणजे काय आणि तो चुकला तर काय होतं हे त्या घरात तिला सगळ्यात जास्त कळतं. मग वडिलांपुढे मुदत ठेव : एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि नेटसाठी एक, वयाच्या पंचविसाव्यापर्यंत. तोवर जेआरएफ किंवा पगाराची जागा नसेल तर जालन्याची कंपनी, प्रयोगशाळा, जे मिळेल ते धरेन. तारीख ठरलेली असली की बापाचा जीव अर्धा खाली येतो. लग्नाचा विषय निघेलच, तू तो पत्रात टाळलायस. त्यालाही हीच तारीख सांग.

शेवटी, शेजाऱ्यांच्या वासराचं. तुझ्या पत्रात त्यांना भरपाई मिळाल्याचा उल्लेख नाही. पंचनामा झाला होता का, झाला असेल तर त्याची प्रत त्यांच्याकडे आहे का, हे या रविवारी घरी गेलीस की विचार. प्रत असेल आणि पैसे आले नसतील, तर ती घेऊन त्यांच्याबरोबर तूच वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. पुढे कधी त्या गावात नमुने गोळा करायला आलीस, तर पहिला चहा त्यांच्याच ओसरीवर प्यायचा आहे तुला.